उशीर झाला तरी कार्ड घेऊन या

(राजूर येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण नगर, संगमनेर, श्रीरामपूरहून एवढा घाट-वळणांचा रस्ता करून आलात, याबद्दल आभार. कामाचा अहवाल आपण या अंकातून वाचताच. म्हणून आज मी आकडे सांगत नाही. एका मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाविषयी बोलते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

हे मूल वरच्या अंगाच्या एका ठाकरवाडीतले. जन्म जुलैतला, दवाखान्यातला. त्यामुळे बीसीजी आणि पोलिओचे थेंब तिथेच मिळाले. दीड महिन्याचा असताना पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस झाला. त्या रात्री पोर तापले. बाप दोन दिवस कामावर गेला नाही, म्हणजे दोन दिवसांचा खाडा. पुढच्या डोसच्या वेळी पाऊस होता, ओढ्याला पाणी होते. दिवाळी झाली आणि सगळे कुटुंब नारायणगावला मजुरीला गेले. आपल्या अकोले तालुक्यातली किती माणसे तिकडे जातात, हे आपणास ठाऊक आहे. पहाटे अड्ड्यावर उभे राहायचे, कुणी बोलावले तर टोमॅटोच्या नाहीतर कांद्याच्या रानात जायचे, रात्री पालात झोपायचे.

शिमग्याला ते परतले. नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आई अंगणवाडीत आली, तेव्हा मी तिथे होते. कार्ड पाहिले आणि सगळ्या बायांसमोर बोलले, “अगं, इतके दिवस झोपली होतीस काय? पोराची काळजी नाही का तुला?” ती काही बोलली नाही. नर्सबाई दुसऱ्या मुलाला टोचत होत्या. तेवढ्यात तिने लेकराला काखेत घेतले आणि गेली. गोवराची लस त्या दिवशी द्यायची होती, ती राहिली. पुढे एकदा राजूरच्या बाजारात मला पाहून ती कापडाच्या दुकानाआड झाली. ती का लपली, हे मला लगेच कळले. तरी मी तिच्या घरी गेले नाही. पावसाळा गेला, दिवाळीनंतर ते पुन्हा नारायणगावला गेले.

गोवराला हलके समजू नका. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा धोक्याची राहते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडीला आणि मालेगावला साथ आली. मुले दगावली, आणि त्यांतल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती. कुपोषित मुलाला गोवर जास्त जड जातो. आमच्या वाड्यांत अशी मुले आहेत. म्हणून मूल अशक्त आहे, सर्दी आहे, एवढ्यावरून लस पुढे ढकलू नये. उलट त्याला ती आधी हवी.

दुसऱ्या शिमग्याला मूल वीस महिन्यांचे झाले होते. या वेळी आशाताईंना घेऊन मी घरी गेले. कार्डाचा विषय काढला नाही. आधी माफी मागितली. ती मान खाली घालून चूल फुंकत राहिली. आजीच बोलली, “टोचल्यावं पोर तापतं, बाई. खाडा पडला तर खायचं काय?” याला माझ्या धर्मज्ञानाच्या डिप्लोमात उत्तर नव्हते. आशाताईंकडे होते. ताप एक-दोन दिवसांचा असतो, नर्सबाई गोळी देतात, ती कशी द्यायची हेही सांगतात. टोचायला कामाच्या आदल्या दिवशी न येता सुटीच्या आदल्या दिवशी यावे, हे मात्र आजीनेच सुचवले.

मग आईने तांदळाच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कार्ड काढले. म्हणाली, “ताई, आता पयल्यापासून परत समद्या सुया घ्यायच्या का?” एक वर्ष ती याच भीतीने घरी बसली होती. आणि मी तिला झोपली होतीस का म्हणून विचारले होते.

नाही, पहिल्यापासून घ्यायच्या नसतात. झालेला डोस वाया जात नाही, राहिलेले तेवढे पुढे द्यायचे. त्या मुलाला एकाच दिवशी पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस मांडीत, गोवर-रुबेलाचा पहिला दंडात आणि पोलिओचे थेंब तोंडात मिळाले. महिन्याने पेंटाव्हॅलंटचा तिसरा आणि गोवर-रुबेलाचा दुसरा झाला. सहा महिन्यांनी बूस्टर. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. पण म्हणून थांबायचे नाही, कारण थांबलेल्या दिवसांत मूल उघडे असते.

एक अडचण आणखी सांगते. गोवर-रुबेलाची बाटली पाणी मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. त्यामुळे एकट्या मुलासाठी बाटली फोडायला कुठे कुठे हात आखडतो, आणि मैलभर चालून आलेली आई “पुढच्या महिन्यात ये” ऐकून परत जाते. नियम मात्र एका मुलासाठीही बाटली उघडावी असाच आहे. आपण आईबरोबर असाल तर हे नम्रपणे सांगा.

द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला मी अनेकदा सांगितला आहे. दिवस कलताना आलेल्या माणसाला मळ्याच्या धन्याने सकाळपासूनचे काम भरून काढायला लावले नाही. नारायणगावचा अड्डा पाहिल्यापासून हा दाखला मला वेगळाच ऐकू येतो.

आपल्यापैकी काहींची शेती आहे, काहींच्या शेजारी मजुरांची पाले पडतात. पालातल्या आईला विचारा, कार्ड आहे का? नसले तरी चालते. आपल्याच गावच्या केंद्रात त्या मुलाला लस मोफत मिळते, गावचा रहिवासी असण्याची अट नाही. तिला घेऊन जा, आणि डोस झाल्यावर कार्डावर तारीख लिहून घ्या. ती नोंद नसली की इथे परत आल्यावर आम्ही अंधारात असतो.

ते मूल आता अंगणवाडीत येते. आई मला पाहून दुकानाआड जात नाही. परवा बाजारात तिनेच हाक मारली, “ताई, बूस्टर कधी?” मी कार्ड मागितले. ते तिच्या पिशवीतच होते.