वीजबिलातली एक ओळ



2022 च्या आधीपासून जर्मनीत असाल, तर एखादं जुनं वीजबिल काढून बघा. त्यात 'ईईजी-उमलागे' नावाचा अधिभार दिसेल. 2000 साली इथे कायदा झाला: सूर्यापासून, वाऱ्यापासून वीज बनवणाऱ्याला 20 वर्षं ठरलेला दर मिळेल, आणि वरचा खर्च ग्राहक उचलतील. 2014 मध्ये हा अधिभार युनिटमागे सहा सेंटच्या वर होता. कुरकुरत का होईना, आपणही तो भरला. जुलै 2022 पासून तो बंद झाला.

त्या पैशानं काय साधलं? पॅनलना खात्रीची मागणी आली, चीनमध्ये कारखाने वाढले आणि जगभर भाव उतरले. 2013 मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्याला कर्ज दिलं केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेनं.

पण त्याच जिल्ह्यात, दुसऱ्या एका सौर प्रकल्पात विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या या वृद्ध शेतकऱ्यानं जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं. ते वाचले नाहीत.

2022 च्या करारात जर्मनीनं भारताला 2030 पर्यंत किमान 10 अब्ज युरो देऊ केलेत. त्यात आपलाही कर आहे. तेव्हा आपल्या भागातल्या बुंडेस्टाग सदस्याला विचारा: मेगावॅट किती ते सांगाच, पण जमीन देणाऱ्याला काय मिळालं? असं पत्र लिहायला जर्मन पासपोर्ट लागत नाही.

भेटूया पुढच्या भागात!