सात-पांच-तीन



नोव्हेंबरच्या पंधरा तारखेच्या सुमारास जपानांतील एखाद्या मोठ्या शिंतो देवालयाच्या आवारांत गेलें, तर नटूनथटून आलेलीं मुलें आईबापांचा हात धरून चाललेलीं दिसतात. मुलगी असली तर तीन किंवा सात वर्षांची, मुलगा बहुधा पांचांचा. सोहळ्याचें नांवच मुळीं ‘शिचि-गो-सान’, म्हणजे सात-पांच-तीन.

हीं वयें कां? जपानी लोक विषम संख्या शुभ मानतात, हें एक. परंतु जुन्या सरदार-घराण्यांत यांपैकीं प्रत्येक वयाला स्वतंत्र विधि असे. तोंवर भादरलेल्या डोक्यावर तिसऱ्या वर्षीं केंस राखूं लागत. (आपल्याकडे त्याच सुमारास जावळ काढतात, तेथें नेमकें उलट!) पांचव्या वर्षीं मुलाला प्रथमच ‘हाकामा’ हें चुणीदार, घोळदार वस्त्र नेसवीत. सातव्या वर्षीं मुलीच्या किमोनोच्या साध्या नाड्या जाऊन प्रौढ स्त्रियांसारखा रुंद कमरपट्टा येई. राजघराण्यानें हे विधि अद्याप सांभाळले आहेत. २०११ सालीं पांच वर्षांच्या राजपुत्र हिसाहितो यांना हाकामा नेसवून ‘गो’ या खेळाच्या पटावर उभें केलें, आणि त्यांनीं तेथून खालीं उडी घेतली.

वय पूर्वीं जन्मतांच एक धरून दर नववर्षाला वाढवीत. शाळेंत नांव घालतांना आमचे पालक ‘पांच सरून सहावें लागलें’ म्हणून सांगत, त्याच जातीचा हा हिशेब! आतां बहुतेक घरीं पुरीं वर्षें मोजतात.

तारखेविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, शोगुन त्सुनायोशि याच्या तोकुमात्सु नांवाच्या मुलासाठीं १६८१ सालीं अकराव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं मंगलविधि झाला, आणि तोच दिवस पुढें रूढ झाला. हा तोकुमात्सु १६८३ सालीं वारला. जुन्या गणनेनें त्याला पांचवें वर्ष चालू होतें. सारा देश ज्याच्या हुकुमांत, त्या बापाला मूल राखतां आलें नाहीं. मग इतरांची काय कथा? १९२० च्या सुमारासहि जपानांत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं दीडशेंहून अधिक वर्षाच्या आंत दगावत. मुलांच्या हातीं देतात त्या लांबट लाल-पांढऱ्या गोळीचें नांव ‘चितोसे-आमे’, म्हणजे सहस्र वर्षांची मिठाई. तिच्या पिशवीवर दीर्घायुषी क्रौंच नि कासव काढलेले असतात. हें नांव ज्यानें ठेवलें, त्याच्या मनांत काय असेल तें निराळें सांगावयास नको.

किमोनोहि मुद्दाम मोठा शिवून खांद्याला व कंबरेला दुमडीची टीप घालतात. मूल वाढेल तशी ती उसवावयाची. मला या सोहळ्यांतलें हेंच सर्वांत हृद्य वाटतें.

आज हजारीं दोनांहूनहि कमी अर्भकें दगावतात. परंतु १९४९ सालीं जेथें सुमारें सत्तावीस लक्ष मुलें जन्मलीं, तेथें २०२४ सालीं सात लक्षहि जन्मलीं नाहींत. वाचण्याची काळजी मिटली. आतां जन्माचीच वाण पडली आहे. त्यामुळें पुष्कळदां एकाच नातवंडाभोंवतीं दोन्हीकडचे आजी-आजोबा उभे राहून छायाचित्र काढवितात, आणि पायांतल्या नव्या सपाता चावूं लागल्यामुळें रडकुंडीस आलेलें तें मूल मिठाईची लांब पिशवी जमिनीवरून ओढीत घरीं निघतें.