त्रैराशिक आणि उसाचं बिल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गणितावर बोलायला उभा राहिलो म्हटल्यावर मागच्या बाकावरची मंडळी चुळबुळ करायला लागली, ते दिसतंय मला. घाबरू नका, फळ्यापाशी कुणालाही बोलावणार नाही!

आपल्या सरांचा एकच धोशा असायचा, "आधी मांडणी, मग आकडेमोड." भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाच्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावं आहेत. तीन ठाऊक असल्या की चौथी काढायची, बस. आपल्या जिल्ह्यात हे गणित दर हंगामात घरोघरी येतं, उसाच्या बिलाच्या रूपात.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. तरी बिलाचा कागद न वाचताच घडी घालून ठेवणारे आजही पुष्कळ आहेत. आमचे वडील त्यातलेच. "खात्यावर आले ना, झालं तर," म्हणायचे.

2024-25 च्या हंगामाचं उदाहरण घेऊ. साखर उतारा 10.25 टक्के असेल, तर एफआरपी टनाला 3,400 रुपये. उतारा 11.25 टक्के असेल तर किती? मांडणी करा: 10.25 ला 3,400, तर 11.25 ला क्ष. 3,400 गुणिले 11.25, भागिले 10.25. उत्तर सुमारे 3,732 रुपये. सरकारी नियम सांगतो, उताऱ्याच्या दर 0.1 टक्का वाढीला टनामागे 33 रुपये 20 पैसे जादा. दहा टप्प्यांचे 332. म्हणजे तो नियम आपलं त्रैराशिकच आहे!

आता समीकरण. समजा, हातात टनाला 2,900 पडले. तोडणी-वाहतुकीपोटी किती कापले? 3,732 वजा क्ष बरोबर 2,900. क्ष बरोबर 832. हा आकडा बिलावरच्या कपातीशी जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर शेतकी विभागात जाऊन नम्रपणे विचारायचं. चाळीस टन उसावर 0.1 टक्का उताऱ्याचा फरक 1,328 रुपयांचा होतो. लहान शेतकऱ्याच्या घरात तेवढ्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं.

पण त्रैराशिक कुठं थांबतं, तेही बघायला हवं. उतारा 9.5 टक्क्यांच्या खाली गेला तरी त्या हंगामात दर टनाला 3,151 रुपयांवरच राहतो, आणखी घटत नाही. आणि तोडणीला व्यस्त प्रमाण लागतं. दहा कोयत्यांना एक फड सहा दिवस लागत असेल, तर पंधरा कोयत्यांना नऊ दिवस नव्हे, चार दिवस लागतील. कोयते वाढले की दिवस घटतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. वहीत मात्र उलटं लिहून येतं.

म्हणून एक विनंती. आपल्यातले कुणी कारखान्यात आहेत, कुणी बँकेत, कुणी शाळेत. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस शाळेत येऊ, नववी-दहावीच्या मुलांपुढे खरी बिलं ठेवू. नावं झाकून, आकडे उघडे ठेवून. मुलं घरी जाऊन आई-वडिलांचं बिल तपासतील, तेव्हा सरांच्या शिकवण्याचं चीज होईल.