मुळांतील शत्रु आणि मातींतील मित्र

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत फुलसावंगी हें गांव आहे. पैनगंगेच्या खोऱ्यांतील हा प्रदेश मुख्यत्वेंकरून कापूस व सोयाबीन यांचा. परंतु अशा गांवीं ज्याच्या शेतांत विहीर आहे तो एखादा तुकडा वांगीं, टोमॅटो, भेंडी, मिरची यांसाठीं राखतो. कापसाचा पैसा हंगामाला येतो, भाजीचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो. म्हणून भाजीच्या वाफ्याला लागलेला रोग हा घरखर्चालाच लागलेला रोग असतो.

या रोगांपैकीं एक मोठा फसवा आहे. झाड भर उन्हांत मान टाकतें आणि सायंकाळीं पुन्हां ताठ होतें. शेतकऱ्यास वाटतें, पाणी कमी पडलें. तो पाणी देतो. पुढें पानें पिवळीं पडतात. त्यास वाटतें, खत कमी पडलें. तो खत देतो. अखेर एखादें झाड उपटून पाहावें, तों मुळांवर गांठीच गांठी! हें काम सूत्रकृमींचें. हरभरा, तूर यांच्या मुळांवरही गांठी असतात, पण त्या उपकारक जिवाणूंच्या. त्या मुळाच्या बाजूला लोंबतात आणि बोटानें सहज निघतात. सूत्रकृमीची गांठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलें असतें. तें तोडल्यावांचून ती निघत नाहीं. एवढा फरक ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ पाणी व खत वांचेल.

हा शत्रु नवा नव्हे. इंग्लंडांत १८५५ सालीं बर्कले यांनीं काकडीच्या मुळांवरील अशा गांठींचें वर्णन केलें होतें. अंड्यांतून निघालेलें पिलू मिलिमीटरच्या निम्म्याहूनही लहान असतें. तें मुळाच्या कोवळ्या टोकांतून आंत शिरतें आणि एके जागीं ठाण मांडतें. त्याच्या तोंडांतील रसानें भोंवतालच्या पेशी अवाढव्य वाढतात आणि झाडानें स्वतःसाठीं मिळविलेलें अन्न त्या पाहुण्याला पुरवूं लागतात. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट आवरणांत कांहीं शें अंडीं घालते. उबदार जमिनींत हें सारें चक्र सुमारें महिन्याभरांत पुरें होतें. एकाच जागीं टोमॅटोमागून वांगीं आणि वांग्यांमागून भेंडी घेतली, तर या कृमींना वर्षभर पंगतच मिळते. शिवाय त्यांनीं पाडलेल्या भोंकांतून मर रोगाची बुरशी आंत येते, ती वेगळीच.

शत्रु डोळ्यांना दिसत नाहीं, तेव्हां त्याच्यावर जालीम विष ओतावें ही बुद्धि स्वाभाविक आहे. परंतु या विषांचा इतिहास बोलका आहे. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन नांवाचें सूत्रकृमिनाशक एके काळीं अनेक देशांत वापरांत होतें. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्यांत तें तयार करणाऱ्या कामगारांना वंध्यत्व आल्याचें उघडकीस आलें. भारतांत त्यावर १९८९ सालीं बंदी आली. फोरेट हें दाणेदार विष आपल्याकडे शेतोशेतीं टाकलें जात असे. तेंही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालें. विषबाधा म्हणजे काय, हें यवतमाळ जिल्ह्याला तर निराळें सांगावयास नको. २०१७ सालच्या पावसाळ्यांत येथें कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर रुग्णालयांत पोहोंचले आणि वीसांहून अधिक दगावले. तीं औषधें सूत्रकृमींवरचीं नव्हतीं, हें खरें. पण मिळेल तें विष, मिळेल त्या प्रमाणांत, उघड्या अंगानें हाताळण्याचा परिणाम काय होतो तें त्या वर्षानें दाखविलें.

मग उपाय काय? सूत्रकृमीलाही शत्रु आहेत आणि ते त्याच मातींत राहतात. पेसिलोमायसिस नांवाची एक बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यांत शिरून तीं आंतून खाऊन टाकते. १९७९ सालीं पेरू देशांत बटाट्याच्या मुळांवर संशोधकांस हा प्रकार आढळला आणि तेव्हांपासून तिचा उपयोग जगभर पसरला. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी मर रोगाच्या बुरशीला हटवते व सूत्रकृमीलाही अटकाव करते. स्यूडोमोनस हे जिवाणु मुळांभोंवतीं वस्ती करून झाडाची प्रतिकारशक्ति वाढवतात. निंबोळीची पेंड मातींत कुजतांना सूत्रकृमीला न मानवणारीं द्रव्यें सोडते. झेंडूच्या मुळांतही असेंच एक विषारी द्रव्य असतें. मात्र बांधावर चार झाडें लावून तें साधत नाहीं, त्या तुकड्यांत दोन-तीन महिने झेंडूचेंच पीक घ्यावें लागतें. दसऱ्याच्या बाजारांत फुलांचे पैसे होतात आणि जमीनही सुधारते.

रीत अवघड नाहीं. एक टन चांगलें कुजलेलें शेणखत सावलींत पसरावें. त्यांत निंबोळी पेंड आणि वरील तीन जीवांची प्रत्येकी दोन किलो भुकटी मिसळावी. पाणी शिंपडून ढीग ओलसर ठेवावा, गोणपाटानें झांकावा, मधूनमधून वरखालीं करावा. पंधरा-वीस दिवसांत ते जीव खतभर वाढतात. मग तें खत लागणीपूर्वीं वाफ्यांत व सऱ्यांत मिसळावें. रोपवाटिकेची काळजी सर्वांत आधीं, कारण रोग बहुधा विकत आणलेल्या रोपांबरोबरच शेतांत येतो. विदर्भाचा उन्हाळा येथें मित्र होतो: एप्रिल-मेमध्यें जमीन खोल नांगरून तापूं द्यावी आणि रोपांचा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरून ठेवावें.

या उपायांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हीं औषधें म्हणजे जिवंत प्राणी. उन्हांत पडलेली किंवा मुदत संपलेली पुडी म्हणजे निव्वळ माती. म्हणून पुडीवर नोंदणी क्रमांक, मुदत आणि प्रत्येक ग्रॅममधील जीवांची संख्या पाहूनच ती घ्यावी. रासायनिक बुरशीनाशक त्यांच्याबरोबर दिलें तर घरच्याच सैन्यावर गोळी झाडल्यासारखें होतें. मुख्य गोष्ट अशी कीं, झाडानें मान टाकल्यावर हे जीव त्याला वांचवूं शकत नाहींत. त्यांचें काम लागणीच्या आधीं सुरू होतें आणि हंगामागून हंगाम चालतें. विष हें संकटांत धांवून येणाऱ्या सावकारासारखें. पैसा तत्काळ, व्याज मागाहून. जैविक उपाय हा घरच्या बचतीसारखा आहे. तो अडचण येण्यापूर्वींच करून ठेवावा लागतो.

अडचण खरी कोठें आहे, तर येथेंच. ज्याला या आठवड्याच्या बाजारावर घर चालवायचें आहे, त्यानें पुढल्या वर्षीच्या जमिनीसाठीं आज खर्च कोणत्या बळावर करावा? खात्रीची पुडी वेळेवर गांवांत मिळणें, ती कशी वापरावी हें शेजारच्या वाफ्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळणें, आणि एक हंगाम उत्पन्न थोडें कमी आलें तरी धीर धरतां येणें, या तीन गोष्टी जुळल्या तरच शास्त्र शेतापर्यंत पोहोंचतें. पहिल्या दोन गोष्टी कृषिखातें व कृषिविद्यापीठ यांच्याकडून अपेक्षाव्या; तिसरींत शहरांतील गृहिणीचाही वाटा आहे. वांगें थोडें लहान, टोमॅटो थोडा वांकडा म्हणून तो बाजूस सारतांना तिनें एवढें आठवावें कीं, ज्या जमिनींत विष पडलें नाहीं तिचा माल नेहमींच चकचकीत नसतो. आणि गच्चीवरील कुंडींतलें टोमॅटोचें झाड दुपारीं मान टाकूं लागलें, तर पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वीं थोडी माती उकरून एकदां मुळें पाहावीं.