पब्लिक हाउस : मालक कोण?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दारूच्या दुकानाचा इतिहास! म्हणून आधीच सांगून टाकतो, की मद्याची तरफदारी करण्यासाठी मी येथे उभा नाही. मला बोलायचे आहे ते एका खेड्याविषयी, आणि चार माणसांनी बसायची जागा कोणाच्या मालकीची असावी, या प्रश्नाविषयी.

‘पब्लिक हाउस’ याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. ‘गुत्ता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, ते तेथे नसते. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे थोडा गुत्ता, थोडी खानावळ, थोडी धर्मशाळा आणि बरीचशी चावडी. मेंढ्यांचे भाव तेथे ठरतात, अंत्यविधीनंतर मंडळी तेथे जमतात, आणि एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर ‘का आला नाही?’ ही चौकशीही तेथेच होते.

याचा उगम मात्र अगदी घरगुती आहे. जवाला मोड आणून, तो वाळवून, त्यापासून ‘एल’ नावाची हलकी बिअर घरोघरी होत असे, आणि ती करीत त्या बायका. जास्त झालेली विकायची. एखाद्या गरीब विधवेला एवढाच पोटाला आधार असे. पुढे १५५२ साली सहाव्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला, की दोन न्यायाधिकाऱ्यांच्या परवान्यावाचून असे घर चालवायचे नाही. तेव्हापासून राज्यकर्त्यांची नजर या घरांवर कायमची बसली. त्यांना भीती होती ती दारूची किती आणि तेथे जमून बोलणाऱ्या माणसांची किती, हे सांगणे कठीण आहे! १८३० साली वारे उलटे फिरले. दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थाला बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि वर्षभरात हजारो नवी दुकाने उघडली. स्वस्त बिअर मिळाली की लोक जिन सोडतील, असा हिशेब होता. तो चुकला. मजुराचा शनिवारचा पगार घरी पोचेना. १८३२ साली प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सोबत्यांनी संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेतली, ती याच परिस्थितीत. पबचे गोडवे गाणारी पुस्तके ही बाजू सहसा झाकून ठेवतात. त्या उबदार खोलीत रात्री दहापर्यंत बसणाऱ्याची बायको घरी काय शिजवीत होती, हेही विचारायला हवे. १८६९ साली सरकारने ही मोकळीक आवरती घेतली.

त्यानंतर मालक बदलला. मोठमोठ्या मद्यनिर्मात्या कंपन्यांनी गावोगावचे पब विकत घेतले. पब चालवणारा झाला कूळ, आणि त्याने कोणाची बिअर विकायची हे कंपनी ठरवू लागली.

आणि मग एक अजब प्रयोग झाला. १९१५ साल. पहिले महायुद्ध चालू होते. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. हजारो मजूर आले आणि संध्याकाळी जवळच्या कार्लाईल शहरात लोटू लागले. लॉइड जॉर्ज तर उघड म्हणत होते, की जर्मनीपेक्षाही मोठा शत्रू दारू आहे. तेव्हा १९१६ साली सरकारने कार्लाईल आणि भोवतालच्या टापूतील बिअरचे कारखाने आणि पब चक्क विकत घेतले! बरेच पब बंद केले. उरलेल्यांतून जाहिराती उतरवल्या. जेवणाची सोय केली. काही काळ शनिवारी कडक मद्य बंद ठेवले. व्यवस्थापक झाला पगारी नोकर, म्हणजे गिऱ्हाइकाने एक पेला जास्त घेतला तरी त्याच्या खिशात काही पडणार नाही. या शेवटच्या कलमातली शहाणीव मला फार मोलाची वाटते. युद्ध संपले, दुसरेही संपले, पण सरकार आपले दुकान चालवीतच राहिले. १९७१ साली कायदा करून ते मोडीत काढले आणि पुढील दोनतीन वर्षांत सगळे विकून टाकले.

याच कार्लाईलच्या दक्षिणेस बारातेरा मैलांवर हेस्केट न्यूमार्केट नावाचे खेडे आहे. सरोवरांच्या प्रदेशाची ही उत्तर सीमा. मागे कॅरक फेल नावाचा डोंगर, मधोमध हिरवळ, दोन्ही अंगांना दगडी घरे. नावात बाजार आहे, पण बाजार केव्हाच उठून गेला. हिरवळीवर त्याची जुनी छपरी तेवढी उभी आहे. १८५७ साली चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स येथल्या एका खाणावळीत उतरले होते. पावसाधुक्यात कॅरक फेल चढायला गेले आणि कॉलिन्सचा पाय मुरगळला. गावाची साहित्यसेवा ती एवढीच.

या गावात ‘ओल्ड क्राउन’ नावाचा लहानसा पब आहे. १९८८ साली त्याच्या तेव्हाच्या मालकांनी मागच्या गोठ्यावजा कोठारात स्वतःची बिअर बनवायला सुरुवात केली. प्रकारांना नावे दिली भोवतालच्या डोंगरांची : ब्लेनकॅथ्रा, स्किडॉ, कॅरक. एका प्रकाराला तर घरातल्या डोरिसआजींच्या नव्वदाव्या वाढदिवसाचे नाव दिले.

पुढे विक्रीची वेळ आली. हा काळ वाईट होता. १९८९ साली सरकारने मोठ्या मद्यकंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी त्यांना हजारो पब सोडायला लावले. पण ते पडले नव्या जमीनजुमला कंपन्यांच्या हाती. त्यांना बिअरपेक्षा इमारतीची किंमत प्यारी. खेड्यातला पब बंद करून त्याचे सुटीतले घर केले की चौपट पैसा! सरोवरांच्या प्रदेशात तर अशा घरांना श्रीमंत गिऱ्हाइकांची वाण नाही.

हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी हे ओळखले. १९९९ साली त्यांनी सहकारी संस्था काढून आधी मागचे कोठार, म्हणजे बिअरचा कारखाना घेतला. २००१ साली जनावरांच्या लाळ्याखुरकुताची साथ आली, आणि कंब्रिया परगण्याला तिचा तडाखा सर्वांत जास्त बसला. कळपच्या कळप मारून जाळावे लागले. अशा दिवसांत माणसांना एकमेकांजवळ बसायला जागा लागते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ साली, दुसरी संस्था निघाली. शंभरावर सभासदांनी पैसे घालून पब विकत घेतला. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा हा पहिला पब समजला जातो. सभासदांत प्रसिद्ध गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनही आहेत. १९७५ साली एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरची यशस्वी मोहीम ज्यांनी नेली, तेच हे. २००४ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स हा पब पाहून गेले.

रॉकडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपले दुकान काढले ते गाव येथून फार लांब नाही. त्याच रोपट्याची फांदी पुढे आपल्याकडे प्रवरेच्या काठी उसाच्या मळ्यात रुजली, हे या सभागृहात सांगायला नको. सहकारात काय बिनसते, तेही आपल्याला इंग्रजांपेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून मी दोन शंका मनात ठेवतो. पहिली : भागाचे पैसे ज्याच्यापाशी आहेत तो सभासद होतो. निवृत्त होऊन आलेला डॉक्टर सहज होईल. मेंढपाळाकडच्या गड्याचे काय? दुसरी शंका अधिक रोकडी आहे. संस्था पब स्वतः चालवीत नाही, भाडेपट्ट्याने देते. पट्टेदाराला पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबायचे, हिवाळ्यात बर्फ पडले की गिऱ्हाईक नाही, आणि डोक्यावर शंभर मालक! त्यांतला प्रत्येक जण गिऱ्हाईकही आहे आणि प्रत्येकाला बटाटे कसे तळावेत याविषयी मत आहे.

२०११ साली इंग्लंडात कायदा झाला. त्यानुसार गाव आपल्या पबची ‘सामुदायिक उपयोगाची मालमत्ता’ म्हणून नोंद करू शकते. मालकाने तो विकायला काढला, तर पैसा उभा करायला गावाला सहा महिने मिळतात. पण मालकाने गावालाच विकले पाहिजे अशी सक्ती नाही. मुदत संपली की तो हवे त्याला विकू शकतो. हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांना तर हा कायदाही हाताशी नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावून पैसे जमवले, आणि ओल्ड क्राउनचा पट्टेदार बदलायची वेळ आली, की त्याच शेजाऱ्यांना पुन्हा एकत्र बसून नवा माणूस शोधावा लागतो.