वसाहतीतल्या पिढीनं लिहितं व्हावं



१८४४च्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची पाडापाड केली आणि पंतप्रतिनिधींची गादी गडावरून इथं मलकापुरात आली. घर सुटणं आणि नव्या जागी रुजणं हा विषय या गावाला परका नाही.

या तालुक्यानं हे पुढंही सोसलं. वारणेवर धरण झालं. १९८५ला चांदोली अभयारण्य जाहीर झालं, २००४ला त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. निवळ्यासारखी गावं उठली. नाचणी-वरी पिकवणारी माणसं उसाच्या पट्ट्यात, हातकणंगले तालुक्यातल्या वसाहतींत आली. जमीन, प्लॉट, नागरी सुविधा यांचा हिशेब सरकारदरबारी चालतो. कित्येकांचा तो अजून पुरा व्हायचा आहे. पण डोंगरातल्या वावरांना नावं होती. नव्या सातबाऱ्यावर नुसता गट नंबर आला. वावरांची ती नावं आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आणि बायकांच्या ओव्यांत तेवढी उरली आहेत.

याच तालुक्यातल्या नेर्ल्याच्या विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’ लिहिली. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, याचा अभिमान आहेच. त्याहून मोलाचं हे, की ‘धरणग्रस्त’ या शिक्क्यामागची माणसं महाराष्ट्राला दिसली. आपल्या जवळच्या वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची गावाकडच्या मैनेसाठीची तगमग त्यांनी छक्कडीत मांडली आणि ती थेट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाशी नेऊन जोडली.

गाव सुटल्याचं दुःख असं थोरांनी लिहिलं. वसाहतीत जन्मलेल्यांचं कोण लिहिणार? त्यांनी मूळ गाव पाहिलेलं नाही. तिकडं जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आणि जिथं जन्मले, तिथं अजून ‘धरणग्रस्तांची पोरं’ म्हणूनच ओळखले जातात. “कुठले तुम्ही?” या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर द्यावं, असा हट्ट आपण धरू नये. दोन्ही गावं त्यांचीच आहेत, आणि दोन्ही त्यांच्या कवितेत, चित्रात यावीत.

म्हणून या संमेलनाचं पहिलं सत्र आम्ही त्यांना दिलं आहे. शेजारच्या दालनात त्यांनी आजी-आजोबांना विचारून काढलेले गावांचे नकाशे लावले आहेत. पाणवठा, खळं, देवाचं झाड, कुणाचं घर कुणाच्या परड्याला लागून, सगळं त्यात आहे. जाणत्यांनी ते जरूर बघावेत. कुठं नाव चुकलं असेल, एखादं घर राहिलं असेल, तर सांगा; पोरं पेन्सिल घेऊन तिथंच उभी आहेत.