सैलानीची वाट आणि महाविद्यालयीन तरुण



बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुणांना मानसिक आजाराविषयी किती कळते, याचे उत्तर केवळ प्रश्नावली भरून घेऊन मिळणार नाही. स्किझोफ्रेनियाची लक्षणे लिहा म्हटले, तर मानसशास्त्राचा विद्यार्थी ती बिनचूक लिहील. त्याच विद्यार्थ्याच्या घरी काकू रात्र रात्र जागू लागली, भिंतीशी बोलू लागली, की वडीलधारी मंडळी पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्याची वाट धरतात आणि तो मुकाट्याने सोबत जातो. पुस्तक आणि दर्गा, दोन्ही त्याला ठाऊक असतात. त्यांची गाठ मात्र कधी पडत नाही.

होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू येतात, मुसलमान येतात, परप्रांतांतूनही लोक येतात. त्यांत 'बाहेरची बाधा' झाली म्हणून आणलेले रुग्ण असतात, काही साखळीने बांधलेले. या कुटुंबांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शिकलेली पोरे तसे म्हणतातही! परंतु राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले विदर्भातले एकमेव नागपूरला, बुलढाण्यापासून तीनशे किलोमीटरहून दूर. मजुरी बुडवून तेथे किती खेपा घालायच्या? शिवाय बाधा म्हटले की दोष बाहेरचा ठरतो. आजार म्हटले की घराण्याला 'वेडाचे घर' असे नाव पडते, आणि धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते. दर्गा हा अब्रूचाही आसरा आहे, हे ज्याला उमगले नाही त्याचे प्रबोधन वाऱ्यावर जाते.

म्हणून साखळी क्षम्य ठरत नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमाला आग लागली. बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि 28 जीव गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला. हा कायदा देऊळ आणि दर्गा असा भेद करीत नाही. सैलानीवर तुटून पडणारा जो राजस्थानातील मेहंदीपूर बालाजीविषयी मौन पाळतो, त्याची तळमळ रुग्णासाठी नव्हे, हे तरुणांनी ओळखावे.

तरुणांच्या स्वतःच्या मनाचे काय? पेपर अवघड गेला तरी आज 'डिप्रेशन' हा शब्द सहज येतो, पण खरोखर आजारी पडलेला सोबती 'वेडाच' राहतो. शब्द आला, भीती गेली नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरांत दहाहून अधिक प्रौढ मानसिक आजाराने ग्रस्त आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि हा तर शेतकरी आत्महत्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेला मुलूख! येथील विद्यार्थ्याच्या बेचैनीत कापसाचा भाव आणि बापाचे कर्जही असते. समुपदेशन हवेच, मात्र भावाऐवजी समुपदेशन, ही फसवणूक होय.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीला सर्वस्वी बंदी केली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, हाती कार्ड नसले तरी, मोफत उपचारांचा हक्क दिला. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातील अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने भरून द्यावा, असेही सांगितले. ही कलमे सैलानीच्या वाटेवरील किती कुटुंबांच्या कानी गेली आहेत? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडणाऱ्या मुलामुलींनी यात्रेच्या दिवसांत तेथे बसावे. श्रद्धेशी वाद घालू नये. काकूला गोळ्या कोठे मिळतील, कोणत्या वारी डॉक्टर भेटतील, 14416 या क्रमांकावर फोन कसा करावा, एवढे सांगावे. आणि जिल्हा रुग्णालयात औषध नसेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज घेऊन त्या कुटुंबासोबत जावे.